म्हैसमाळच्या चढावर सासरे, जावई आणि चुकीचे गिअर

सायकलवर म्हैसमाळला जायचं मी ठरवलं आणि सासऱ्यांना सोबत न्यायचं वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं. तिचे वडील देवगाव रंगारीहून आठ दिवसांसाठी आमच्याकडे शहरात, गारखेड्याला आले होते. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, आता निवृत्त. शुगर वाढल्यावर डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हापासून रोज सकाळी पंधरा-वीस किलोमीटर मारून येतात. आमच्याकडे येतानाही त्यांनी सायकल जीपच्या टपावर टाकून आणली होती.

लग्नाला चार वर्षं झाली तरी मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आणि माझं बोलणं "जेवलात का" आणि "पाऊसपाणी काय म्हणतंय" यापुढं गेलं नव्हतं. मी खोलीत गेलो की ते खुर्चीवरून उठतात. मग मीही बसत नाही. एक खुर्ची रिकामी आणि दोन माणसं उभी, असं आमचं नातं.

त्यात मी घरच्या ग्रुपवर लिहून बसलो होतो, की रविवारी म्हैसमाळ, पाय न टेकता.

आता सायकलींबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण त्यातच आहे. माझी सायकल पुण्याच्या एका रेसवाल्याकडून घेतलेली, सेकंडहँड, एका हातानं उचलता येते. तिची पुढची लहान चकती ३९ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी २५ दात्यांची. चढासाठी हिशेब उलटा हवा असतो. पुढं लहान, मागं मोठी, की पाय हलका फिरतो. पैठण गेटजवळच्या मेकॅनिकनं सायकल बघूनच विचारलं होतं, "साहब, घाट भी करेंगे क्या इसपे?" मी म्हणालो, "पाय चांगले आहेत." त्यानं पायांकडे बघितलं आणि चाकात हवा भरायला घेतली.

मामांची सायकल जाड टायरची, वजनदार. पुढं तीन चकत्या, सगळ्यात लहान २२ ची. मागं ३२. मी मनातल्या मनात तिला ट्रॅक्टर म्हणत होतो.

डिसेंबरातला रविवार. साडेपाचला निघालो. छावणी, मिटमिटा, दौलताबाद. तुम्ही जाणार असाल तर असेच लवकर निघा. दौलताबादच्या वेशीत एका वेळी एकच मोठी गाडी मावते आणि सुट्टीच्या दिवशी उशीर झाला की तिथंच पर्यटकांच्या गाड्यांत अडकता. सपाटीवर मी झपाझप पुढं जायचो, मग संस्कार आठवून थांबायचो. मामा मागून एकाच चालीनं येत.

किल्ल्याच्या पुढं घाट सुरू झाला. माझ्या चेनचा खडखडाट ऐकून मामा मागून म्हणाले, "पाहुणे, चढ लागायच्या आधी गिअर टाकावा. चढात टाकला की मशीन आरडतंय."

"हो मामा," मी म्हणालो. टाकायला गिअरच शिल्लक नव्हता, हे सांगितलं नाही.

हा घाट छोटा आहे, जोरावर निघून गेला. खुलताबादला पोहे आणि दोन-दोन चहा झाले, दोघांचे मिळून शंभराच्या आत. पुढं म्हैसमाळ बारा किलोमीटर. पाण्याच्या बाटल्या इथंच भरून घ्या, वर जाईपर्यंत नीट काही मिळत नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि वाळलेलं गवत, थंड वारा, रस्ता बराचसा चांगला. पहिले सात-आठ किलोमीटर माणसाला आपण फार तयारीचे आहोत असं वाटत राहतं.

मग खरा चढ आला.

माझे पाय उसाच्या चरकाला जुंपल्यासारखे चालू लागले. एक पाय खाली गेला की दुसरा खाली जाईल की नाही याची खात्री नाही. शेजारी मामांचे पाय शिलाई मशीनवर बसल्यासारखे भरभर फिरत होते. वेग मात्र दोघांचा एकच, पायी चालणाऱ्या माणसाचा. फरक एवढाच की मामा आजूबाजूची झाडं बघत होते आणि मी फक्त माझं पुढचं चाक.

पाय न टेकण्याची भाषा दुसऱ्या वळणावर संपली. पण थांबायला कारण हवं होतं. मी म्हणालो, "मामा, तुम्हाला पाणी प्यायचं असेल ना?"

"नाय... व्हय, पितो की," मामा म्हणाले आणि उतरले.

दोनशे मीटरवर पुन्हा विचारलं. पुन्हा प्यायले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा मी थांबलो तेव्हा माझा डावा गुडघा आतून ठणकत होता आणि मामा बाटली हातात धरून तसेच उभे होते.

"पाहुणे, राग नका मानू," ते म्हणाले. "आता पोटात पाण्याला जागा नाय."

मी कठड्यावर बसलो. जरा वेळानं ते शेजारी येऊन बसले.

"कन्नड घाटाचं सांगू का एक? नवा होतो नोकरीत. पहिला गिअर टाकला की प्रवासी म्हणतील, डायवर कच्चा हाय. म्हणून दुसऱ्यावरच गाडी रेटली. भर वळणावर बंद पडली. सगळी गाडी उतरवली, निम्मा घाट लोकं चालत आले. एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, मला म्हणली, लेकरा, पहिला गिअर सरकारनं कशाला दिलाय मग? तवापासून मला लाज नाय."

मी हसलो, मग खरं सांगितलं. गुडघा दुखतोय, माझ्या सायकलला चढाचा गिअरच नाही, आणि पाणी मलाच हवं होतं.

"ते पहिल्याच वळणाला कळलं व्हतं," मामा म्हणाले. "पर जावयाला सांगावं कसं?"

"मामा, तुम्ही पुढं व्हा. माझ्यासाठी थांबू नका."

"बरं दिसतंय का ते?"

"मी सांगतोय ना."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सायकलवर बसले. पहिली दहा पावलं हळू, मग जी लय धरली ती वळणाआड दिसेनासे होईपर्यंत सोडली नाही. बासष्ट वर्षांचा माणूस, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. मला फार बरं वाटलं. मी पुण्याची सायकल हाताला धरून चालत निघालो. खरंच हलकी आहे, ढकलायला उत्तम.

वर पोचलो तेव्हा मामा एका मावशींच्या टपरीवर भजी खात बसले होते. मावशींनी मला खालून वर न्याहाळलं. "हेच का जावई? तब्येत बरी नाय का त्यांची?"

"सायकलची तब्येत हाय तशी," मामा म्हणाले. या वेळी ते उठले नाहीत. सरकून बाकड्यावर जागा केली. बसलो.

उतारावर ब्रेक थोडे थोडे आणि आलटून पालटून दाबा, एकसारखे आवळून धरू नका. खुलताबादपर्यंत मामा पुढं, मी मागं. घरी पोचताच वर्षानं विचारलं, "आधी कोण पोचलं?"

"संगंच की," मामा म्हणाले.

"मामा आधी," मी म्हणालो. "मी अर्ध्या तासानं." ग्रुपवरही तसंच लिहिलं. साडूनं तीन हसरे चेहरे टाकले, ते मी सोसले.

गुडघा चार दिवस दुखला. पुढच्या रविवारी पैठण गेटला गेलो. आता पुढं ३४ आणि मागं ३४ आहे, म्हणजे पायाच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी. त्यासाठी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आणि चेनही बदलावी लागली. आपल्याकडचे घाट करायचे असतील तर सायकल घेतानाच दाते मोजून घ्या, नंतर महाग पडतं. मेकॅनिकनं याही वेळी पायांकडे बघितलं.

मामा एव्हाना गावी परतले होते. बुधवारी संध्याकाळी देवगावहून त्यांचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. वर्षानं सवयीनं हात पुढं केला. "देतो तिला," मी म्हणालो.

"तिला काहून देता," मामा तिकडून म्हणाले. "तिच्याशी रोजच बोलतो. गुडघा कसाय ते सांगा आधी."

वर्षा हात तसाच धरून पाच मिनिटं उभी राहिली. मग कुकर लावायला निघून गेली.