आत्ती पोष्टाच्या पायरीवर

आत्ती गेल्याचं मला सांगलीला माहेरी कळलं. सांगावा घिऊन आलेला गडी दारात उभा ऱ्हाऊन टोपी हातात फिरवाय लागला, तवाच मी वळखलं... पोरीला काखंत मारून शिराळ्याला पोचले, तवर सगळं झालं हुतं. आता म्हैना हुत आला. लोक म्हनत्यात, सासू लय कडक हुती. व्हय, हुती. मी तिला भ्यायचीच.

आमचं हे तेलाच्या गिरणीत कामाला हुतं. लढाई चालू हुती, गिरणी रातदिस चालायची, आन् एक दिस पट्ट्यात सदरा अडकला. पोरगी तवा अंगावर पीत हुती. ह्यांच्या थोरल्या भावानं, भाऊजींनी, मालकाशी बोलणी केली आन् भरपाई ठरली. पर मालक म्हनला, मेलेल्या माणसाचा पैसा आमाला हातात देता येत न्हाई, सातारला कोर्टात भरतो, तितनं घ्या. भाऊजी एकलंच गेलं आन् तसंच माघारी आलं. कोर्टातल्या सायेबानं सांगितलं हुतं, बायकूला आन् आईला आना.

मी तर कोपऱ्यात बसलेली. नवरा गेल्यावर वरीस व्हायच्या आत बाईनं उंबरा वलांडायचा न्हाई, भावकी बोलाय लागली. आत्तीनं कुनाला इचारलं न्हाई. मला म्हनली, ऊठ, चल.

कोर्टात कारकुनानं इचारलं, नवऱ्याचं नाव काय. माझं तोंडच उघडंना. आमच्यात नाव घेत न्हाईत. भाऊजी म्हनलं, मी सांगतो की. कारकून म्हनला, तुमी न्हाई, हिनंच सांगायचं, लोक कुनीबी बाई आनून उभी करत्यात. मला वाटलं, आता पैसा बुडला, पोरीला घिऊन भावजयीच्या दारात पडायचं... आत्ती माझ्याजवळ सरकली, पर बोलली मोठ्यानंच.

"नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी हुतं म्हनत्यात. आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय गं? घे."

मी घेतलं. उखाण्याबगर पयल्यांदाच. कारकुनानं मान वर न करता लिवलं.

मग सायेब आत्तीला म्हनलं, आई म्हनून तुमचाबी वाटा हाय. भाऊजी तिला खुणवाय लागलं. तिचा वाटा म्हंजी भाऊजींच्याच घरात जायाचा, ती त्यांच्याच चुलीवर खात हुती. आत्ती म्हनली, "मला नगं. हिच्या हातात द्या. दुसरं कुनी न्यायला आलं तर दिऊ नगा, माझा लेक असला तरी." सायेबानं थोडं तितंच दिलं, बाकीचं पोष्टात ठेवून म्हैन्याला मला मिळंल असं केलं.

माघारी मोटारीत भाऊजी फुडं जाऊन बसलं. मी आत्तीच्या पाया पडाय वाकले तर तिनं मला सरळ केलं. म्हनली, "तुझ्यासाठी न्हाई केलं. माझ्या लेकाच्या जिवाचं हाय ते, त्याच्या लेकीच्या पोटात जाऊंदे."

तवापास्नं दर म्हैन्याला ती माझ्यासंगं पोष्टात यायची. आत न्हाई यायची. भायेर पायरीवर पोरीला मांडीवर घिऊन मिसरी लावत बसायची. भाऊजी तिकडनं गेलं तर निसतं बघायची.

परवा मी पोरीला घिऊन एकलीच पोष्टात निघाले. भाऊजी मागनं आलं, म्हनलं, बाईमाणसाला कशाला तरास, मी घेतो आन् घरात देतो. पायरी रिकामी हुती. मी आत्तीच्या जागंवर पोरीला बसवली, हितनं हलू नगंस म्हनलं, भाऊजींना म्हनलं तुमी जावा, आन् आत जाऊन खिडकीत हात फुडं केला.