शवासन आणि चहावाल्याचा स्टो

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच होतं. उमरग्याहून आम्ही काही मास्तर योगशिक्षक व्हायला परंड्याला महिनाभर राहिलो होतो. पहाटेपासून आसनं आणि शेवटी शवासन. मैदानाच्या कडेला बसणारा म्हातारा चहावाला नेमका त्याच वेळी स्टोला पंप मारायचा. मग एकेक ग्लास उन्हाकडं धरून बघायचा आणि पुन्हा पुसायचा.

आवाजानं शांती ढळते म्हणून आम्हाला योग शिकवणाऱ्या गुरुजींनी एकदा त्याला स्टो विझवायला लावला. तो रुसून आमच्याकडं पाठ करून बसला. त्या दिवशी शवासनात कुणाचंच अंग सैल पडेना. जो तो डोळा किलकिला करून त्याच्याकडंच बघत होता.

"बघा की गुरुजी," तो तिथूनच मान वळवून म्हणाला, "चहा मिळतोय का न्हाय, ह्याच घोरात हायती समदे. मढ्याला असला घोर असतो व्हय?"

गुरुजींनाच हसू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून 'शवासन' म्हणायच्या आधी ते स्वतःच त्याला खूण करायचे. स्टो भरभरायला लागला, की आम्ही निवांत पडायचो.

अजूनही घरी शवासनाला पडताना मी बायकोला आधी स्टो पेटवायला सांगतो. त्या आवाजाशिवाय मला नीट मरता येत नाही.