ढकल समोर

आमच्या भासऱ्याइनं जिंदगीत एक पिक्चर कोनाले गुमान पाहू देल्ला नाही. भासरे म्हंजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ. पिक्चर सुरू झाला का पाच मिनिटांत त्याइचं तोंड सुरू. "पाय घसरून राह्यला पाहा." "डोळा पाहा त्याचा, मेल्या मासोळीवानी." "एवढं बोलते काहून हे जनावर? याले काही कामधंदा नाही का?" पिक्चर समोर, अन् आवाज मागून. इकडं पाहावं का तिकडं ऐकावं, समजे नाही. मले इतका तरास होये का वाटे, टीव्हीचं बटनच उपटून नालीत फेकून द्यावं.

अन् हे बोलनं कोन्त्या पिक्चरवर? लेकराइच्या. कम्प्युटरवर बनवते ना, ज्याच्यात जनावरं बोलते, नाचते, अन् शेवटी सगळे एकमेकाच्या गळ्यात पडते, ते. पासष्ट-सत्तर वर्षाचा मानूस, पांढऱ्या मिशा, अन् त्या कोंबड्या-अस्वलावर असा भांडे जशी कचेरीत केस चालू आहे.

त्याइचं काम लाकडाचं. मोठा पोळा झाला का दुसऱ्या दिवशी लेकराइचा तान्हा पोळा राह्यते. लेकरं लाकडाचे बैल सजवून निंगते. आमच्या वार्डातल्या अर्ध्या लेकराइपाशी भासऱ्याइनं कोरलेला बैल राहे. चाकाच्या पाटीवर उभा, पन पाहनाऱ्याले वाटे, आताच वावरातून आला अन् थकला. हातात पटाशी धरून ते म्हने, "बैल उभा असला तरी वजन खुरात उतरलं पाहिजे. वजन नाही त तो बैल नाही, लाकूड आहे." मंग तेच वजन ते टीव्हीत शोधत बसे.

मी दुसरीपर्यंत शिकली. मले पिक्चरचं काय समजते? दिवसभर राइस मिलमंदी धान वाळवायचं, कोंडा झाडायचा. नवरा आधीच गेलता. एक पोरगी होती, लामत्याले, हिंदी बोलीच्या मुलखात देल्ली होती. तापानं गेली, तीन दिवसात. तेरवी झाली अन् जावई माही नात माह्यापाशी सोडून गेला. सालभरात त्यानं दुसरी केली. त्याच्यावर मी काही बोलत नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी मिलमंदी गेली, कारन तांदळाचं पोतं घरी चालून येत नाही.

नातीचं नाव गुड्डी. सात वर्षाची. माय गेली त्या दिवसापासून तिनं बोलनं सोडलं. भूक लागली त ताटली दाखवे, पानी पाहिजे त मडक्यापाशी जाऊन उभी राहे. डोळ्यात टिपूस नाही. डॉक्टरले दाखवलं, त्यानं टॉर्च मारून पाह्यला, म्हने, "गळा चांगला है, अम्मा. बोलेगी." कवा बोलन, ते त्यानं नाही सांगितलं.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. भासऱ्यासंगं घरच्या सुनेनं बोलायचं नाही. पदर नाकापर्यंत, अन् एक शब्द नाही. मी लगन होऊन आली तवापासून पस्तीस वर्षं त्याइच्यासंगं बोलली नव्हती. जाऊबाई होत्या तवरी त्या मधात राहे. त्या गेल्यावर भासरे एकटे. पोरगा नागपूरले नोकरीवर. आंगन एकच, दोन खोल्या त्याइच्या, एक माही. सैपाक माह्याच चुलीवर. मंग मधात बोलाले राह्यली कोन? गुड्डी. अन् तिची जीभ बंद.

भासरे मुद्दाम तिलेच सांगे. "सांग तुह्या आजीले, वरनात मीठ कमी आहे." मी दोन हातावर उभी, सगळं ऐकून राह्यली. मी म्हनो, "सांग तुह्या आजोबाले, मिठाची बरनी त्याइच्या समोरच आहे." आता त्याइनंही ऐकलंच ना? नाही. ते ताटावर हात धरून बसे अन् गुड्डीकडं पाहे. "काय म्हनते आजी?" पोरगी खाली पाहे. भात थंडा होये. मानूस उपाशी बसून राहे, पन मीठ नाही घे. माह्या मनात ये, या मानसाले दिसत नाही का? लेकराच्या तोंडातून आवाज निंगत नाही अन् हा तिले चपराशी बनवून राह्यला! मले इतका राग ये. पन राग तरी सांगू कोनाजवळ?

पोरानं नागपूरवरून टीव्ही अन् सीडीची मशीन पाठवली. मंग भासरे बजारातून सीड्या आनाले लागले. दुकानवाल्यानं त्याइले सांगितलं, "बाबा, ये हाथ से नहीं बनता, सब कम्प्यूटर बनाता है." ते दुकानातून चिडूनच आले. आंगनात उभे राहून म्हने, "कम्प्युटर काय बनवते? त्याच्यासमोर मानूस बसला असन ना? त्या मानसानं जिंदगीत बैल पाह्यला का नाही, ते सांग म्हना."

पह्यला पिक्चर आला कोंबड्याचा. कोंबडा चश्मा लावून नाचे. मंग अस्वलाचा. अस्वलाचा केस न् केस अलग दिसे, हवेनं हाले. मी तर पाहतच राह्यली. भासरे म्हने, "केस मोजून लावले, पन चिखलात पाय रुतत नाही. हवेत चालून राह्यलं हे अस्वल." मंग गान्यावर घसरले. "दुःख आलं का गानं. भांडन झालं का गानं. लेकराले काय समजते हे लोक? रडू येईन म्हनून घाबरते का?" अन् शेवटी सगळे नाचाले लागले का ते उठून बाहेर जाये. म्हने, "ज्याच्यात जनावर थोडा वेळ चुप बसते, तो पिक्चर चांगला."

स्वतःले चुप बसता आलं असतं त मीही मानलं असतं.

मले कोंबड्याचा पिक्चर आवडला होता. दिवसभर नाकात कोंडा गेला का नाचनारा कोंबडाच बरा. एका दिवशी तो पिक्चर दुसऱ्यांदा लावला, अन् भासऱ्याइचं पुन्हा सुरू झालं, "मान अशी हालते का कोंबड्याची?" माहं डोकं फिरलं. मी दारातून म्हटलं, "गुड्डी, सांग तुह्या आजोबाले, हा पिक्चर आहे, बैलबजार नाही!"

भासऱ्याइनं मशीन थांबवली. गुड्डीकडं पाह्यलं. "काय म्हनते आजी?"

पोरगी उभी. मी म्हटलं आता हा मानूस उद्यापर्यंत मशीन सुरू नाही करत. अन् कोंबडा टीव्हीत एक पाय वर करून थांबलेला.

गुड्डी म्हने, "आजी बोल रही, बैलबजार नाही है." मंग थोडं थांबून, "और मेरे को मुर्गा अच्छा लगा."

माह्या हातातली पळी तशीच राह्यली. सहा महिन्यानं आवाज ऐकला तिचा, थोडा बसल्यावानी. मले वाटलं आता भासरे तिले जवळ घेईन, डोक्यावर हात फिरवन. कायचं काय! ते म्हने, "अच्छा काहून लगा? कारन सांग. नुसतं अच्छा लगा नाही चालत."

असा मानूस!

पन मंग ते दोघं रोज भांडाले लागले. ते मराठीत, गुड्डी हिंदीत. पोरगी आता शाळेतलं बोले, शेजारच्या बकरीचं बोले. मायचं नाव मात्र तोंडात घे नाही. लामत्याचं नाव निंगालं का उठून जाये. मी विचारत नव्हती. मलेच कुठं बोलता ये?

आता या पिक्चरवाल्याइचा मायवर काय राग आहे, मले समजत नाही. दहा मिनिटं झाले का पिल्लाची माय मारून टाकते. नाही त पिल्लू एकटं घरातून निंगन कसं, अन् पिक्चर चालन कसा! पन आमच्या घरी ते दिसेच नाही. रिमोट गुड्डीच्या हातात राहे, अन् बरोबर त्या जागेवर भासरे म्हने, "ढकल समोर." गुड्डी बटन दाबे. चित्र सर्रकन पळे. माय आताच होती, अन् आता पिल्लू एकटंच जंगलात. मले काही समजे नाही. मी म्हनो, "सांग आजोबाले, मधातलं खाऊन टाकलं त पिक्चर समजन कसा?" ते म्हने, "सांग आजीले, तिथं फालतू होतं."

एकदा मी सीडी वापस कराले गेली तवा दुकानवाला हासून म्हने, "अम्मा, आपके बाबा दोपहर को आके यहीं खड़े-खड़े पूरी पिक्चर देख लेते हैं, फिर ले जाते हैं. हाथ पे पेन से मिनट लिखते हैं." मी म्हटलं, रिकामा मानूस आहे, दुसरं काय. अन् रस्त्यावर आल्यावर, आटोवाले समोरून हॉर्न मारून राह्यले तवा, माह्या डोक्यात उतरलं का ते कायचे मिनिट लिहून राह्यले. घरी आली. त्या दिवशी वरनात मीठ बरोबर टाकलं.

मंग आला उंटाचा पिक्चर. दिवाळीतला रविवार, मिल बंद. मी दारात बसून कांदे कापून राह्यली होती, पदर खाली ओढून. उंटाचं पिल्लू अन् त्याची माय रेतीतून चालून राह्यले. भासरे चुप. मी दोनदा वर पाह्यलं, मानसाले बरं आहे ना म्हनून. मंग आंधी आली. रेती उडाली, काही दिसे नाही. आंधी थांबली त माय आडवी पडलेली.

गुड्डीले आता सवय होती. तिनं सांगायच्या आधीच रिमोट वर उचलला.

भासरे म्हने, "राहू दे. आज ढकलू नको."

पोरगी टीव्हीकडं पाहून राह्यली, डोळे एवढे मोठे. मले सांगायचं होतं, बंद करा. पन सांगू कोनाच्या हातून? निरोप नेनारी एकच, अन् तिच्याचसाठी त बंद करायचा होता. पस्तीस वर्षात मले असं कवा झालं नव्हतं. मी उठली अन् म्हटलं, "बंद करा ते!"

सरळ त्याइले. माहाच आवाज ऐकून मी घाबरली. कांदा हातातून पडला.

भासऱ्याइनं मान नाही फिरवली. टीव्हीकडंच पाहत हळूच म्हने, "राहू दे, बाई. हा खरा आहे."

टीव्हीत गानं नाही, बाजा नाही. नुसती हवा. पिल्लू मायजवळ गेलं. नाकानं ढकललं. पुन्हा ढकललं. मंग तिच्या पोटाले टेकून बसलं, अन् बसूनच राह्यलं. लय वेळ. खाली रेती दबली होती त्याच्या वजनानं, ते मलेही दिसलं.

गुड्डी म्हने, "मैंने भी उठाया था."

रिमोट तिनं खाली ठेवला.

"आई को. सुबह. मैंने उठाया, नाही उठी. मैंने किसी को नाही बताया. मेरे को लगा सो रही है त सोने दूँ."

अन् मंग पोरगी रडली. काय रडली! एवढ्या दिवसाचं होतं. मी तिले मांडीवर घेतलं, कांद्याच्या हातानंच, अन् मीही रडली. माह्या पोरीसाठी मी तवाच पह्यल्यांदा रडली, मिलचा भोंगा नव्हता म्हनून. भासरे उठून आंगनात गेले. कानस घासायचा आवाज येत राह्यला, पन सांजच्याले पाह्यलं त एकाही बैलाचं काम पुढं सरकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मले वाटलं, आता बोललोच एकदा त पुढं काय. मी ताट ठेवलं. भासरे भिंतीकडं पाहून म्हने, "गुड्डी, सांग तुह्या आजीले, कालचा पिक्चर बरोबर बनवला होता. मेल्याले मेलं म्हटलं. अन् उंटाचा पाय रुतत होता." जसं मी काल काही बोललीच नाही. माही लाज राखली का रीत राखली, देव जाने. मी म्हटलं, "सांग तुह्या आजोबाले, भात थंडा होऊन राह्यला."

तसंच चाललं मंग दहा-अकरा साल. गुड्डी बारावीत होती तवा भासरे गेले. सकाळी बैलाचं शिंग घासता घासता खाटेवर आडवे झाले, ते उठले नाही. पोरगा नागपूरवरून येनार होता, त्याची बस काही ये नाही. दुपार झाली, आंगनात मानूस ठेवलेला. खैरलांजीकडच्या नात्यातल्या बाया आल्या, अन् नवीन बाई आली का रडनं पुन्हा पह्यलेपासून सुरू होये. मी दारातच उभी, पदर नाकापर्यंत. मेल्या भासऱ्यासमोरही सुनेचा पदर वर जात नाही.

गुड्डी त्याइच्या डोक्यापाशी बसली होती. मी हाक मारली. आली.

मी म्हटलं, "सांग तुह्या आजोबाले, उंटाच्या पिक्चरच्या दिवशी मी बंद करा म्हटलं होतं. त्याइनं नाही ऐकलं, ते बरं केलं म्हना."

अठरा वर्षाची पोरगी, काही विचारलं नाही तिनं. गेली, वाकली, त्याइच्या कानापाशी तोंड नेलं. बाया रडता रडता पाहतच राह्यल्या. तिनं पूरा निरोप सांगितला. मंग कान त्याइच्या मिशीजवळ धरला, थोडा वेळ तशीच राह्यली, अन् उठून माह्याकडं आली. तोंड सगळं ओलं.

मी विचारलं, "काय म्हनते?"

गुड्डी म्हने, "बोल रहे, रडनं लय लांबलं. सांग तुह्या आजीले, ढकल समोर."