मामीचा कच्चा डोळा

मामीइतकी घाबरट बाई मी पाहिली नाही. पालीचं भय, विजेचं भय, नुसती मांजर आडवी गेली तरी ती घरात परत यायची. आम्ही भाचरं तिची मनसोक्त टिंगल करायचो. पण सीताफळाच्या बागेत शिरली की हीच बाई मामांनाही दटावायची. चिखलीजवळच्या त्यांच्या गावात फळ कधी तोडायचं ते मामीच ठरवी. खवल्यांमधल्या फटी रुंदावून पांढुरक्या झाल्या की सीताफळानं डोळे उघडले म्हणायचं. त्याआधी कोणी फळाला हात लावला तर त्याची धडगत नसे. "कच्चं तोडलं तं काळं पडते," ती बजावायची.

हाच नियम तिनं स्वतःच्या डोळ्यालाही लावला.

गावातल्या शिबिरात तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. लवकर काढून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामी घरी येऊन म्हणाली, "अजून पिकलाच नाही. हे लोक कच्चाच काढतो म्हणतेत." तिच्या आईच्या वेळी डॉक्टरच ‘पिकू द्या’ म्हणायचे, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी चिखलीच्या शाळेत शिकवते. आता पिकायची वाट पाहत नाहीत, हे मी तिला परोपरीनं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुयं बरोबर असंन वं पोरी. पण मले भेव वाटते. डोया काळा पडला तं?"

मग ती रोज सकाळी अंगणात आरसा घेऊन बसू लागली. काळ्या बाहुलीत पांढरं वाढत चाललं होतं. ते पाहून ती समाधानानं मान हलवायची आणि मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढायचे. उजव्या डोळ्यानं तिला समोर हलणारा हात कळायचा, बोटं कळत नव्हती. "आता थोडंच राह्यलं," ती मलाच धीर द्यायची.

ऐन तोडणीच्या दिवसांत मामांचा फोन आला. मामी डोकं धरून पडली आहे, उलट्या होताहेत, पित्त असेल म्हणून लिंबूपाणी दिलंय. मी पोचले तर उजवा डोळा लालभडक आणि पापणी सुजलेली. तिला धड बोलवत नव्हतं. तरी माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "पिकला वाटते वं."

मिळेल ती गाडी करून आम्ही बुलढाणा गाठलं. रस्ताभर तिचं एकच चाललं होतं, "मी आंधयी होईन का वं?" मी नाही नाही म्हणत होते, पण माझाच त्यावर विश्वास नव्हता.

डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. तसंच राहू दिलं तर ते कधी कधी फुगतं, डोळ्यातलं पाणी अडतं, दाब वाढतो आणि नजरेची नस मरते." औषधांनी दाब उतरवून त्यांनी भिंग काढलं. दुखणं थांबलं, नजर मात्र आली नाही. खिडकी कोणत्या बाजूला आहे, एवढंच त्या डोळ्याला कळायचं.

आता डावा उरला होता. वेळेत काढला तर चांगलं दिसेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण एक डोळा गेलेल्या बाईला दुसरा पुढे कर, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मामीच एका दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "चाल. कच्चाच काढून घेऊ." मग तिनं निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

ऑपरेशन थिएटरच्या दारात तिनं मॅडमना विचारलं, "बाई, हे फळ नाही, तं पिकला काऊन म्हणतेत?"

"जुना शब्द आहे, आजी," मॅडम म्हणाल्या. "त्यानं फार डोळे घालवले."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मामीनं आधी खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तू लय वाळली वं." मी तिथेच रडायला लागले.

पुढे गावात कोणा बाईला मोतीबिंदू निघाला की मामी न बोलावता जायची. चांगला डोळा तळहातानं झाकून दुसरा त्या बाईसमोर धरायची. "याच्याकडे पाह्य. हा म्या पिकवला." समोरची बाई घाबरून तयार व्हायची. ऑपरेशनच्या दिवशी मामी सोबत जायची आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून घरच्यांपेक्षा जास्त घाबरायची. भीती तिची कधी गेलीच नाही. ती भीती घेऊनच सगळीकडे जायची.

गेल्या वर्षी मामी गेली. परवा माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू निघाला. मी लगेच तारीख घेतली, पिकू वगैरे देणार नाही. भीती मात्र फार वाटते, आणि माझ्याहून जास्त घाबरून बाहेर बसणारं माणूस आता राहिलेलं नाही.