ओढून घेतलेलं दार

मी पदवीपर्यंत पोचलो तो आमच्या अंगणवाडीच्या शेवंतामावशींमुळे.

आज समोरच्या घरी बालसंरक्षणाच्या कामावरच्या एक बाई आल्या होत्या. तिथली लहान मुलगी शाळेत दिसत नव्हती. तिच्या आईनं मागं दार ओढून घेतलं आणि त्यालाच पाठ लावून उभी राहिली.

"ताई, मुलगी कुठंय?"

"मामाकडं."

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला.

"मामा घरातच राहतो वाटतं," बाई हसून म्हणाल्या.

"पोर उचलून न्यायलाच आलाय तुम्ही, ठाऊक आहे मला!"

"उद्या परत येते," म्हणून बाई गेल्या.

मला त्या आईचा राग येईना. शेवंतामावशी माझं वजन करायला आल्या की माझी आईही मला कणगीमागं दडवायची. मदतीला आलेला माणूस आधी घर बघतो, आणि रिकामं घर दाखवणं गरिबाला फार जड जातं. पण दार ओढणाऱ्याचाही मला संशय येतो. आत लाज झाकली आहे की मार खाल्लेलं मूल? बाहेरून दोन्ही दारं सारखीच दिसतात.

मग मावशींना पत्र लिहिलं:

"मावशी, आई मला लाजेनं दडवतेय हे तुम्ही कशावरून ओळखलंत? मला समोरचं दार ओळखता येत नाही. तुमचं उत्तर यायला दिवस लागतील आणि पोरगी आत खोकतेय. म्हणून पाकीट बंद करून मी समोरच्यांची कडी वाजवायला निघालोय. तिच्या आईनं हाकललं तरी दारातच बसेन."