व्याह्यांचे तिकोनी झेंडे

एखाद्या खेळावर आमच्या व्याह्यांइतकं प्रेम करणारा आणि त्या खेळाबद्दल त्यांच्याइतकं कमी जाणणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. ते बेसबॉलचे झेंडे जमवतात. शंभर-एक वर्षांपूर्वी अमेरिकेत सामन्याला जाणारे लोक हातात धरायचे ते, जाड लोकरी फेल्टचे, लांबट तिकोनी. सामना मात्र त्यांनी एकही पाहिलेला नाही. "खेळ कळला की एक संघ आवडू लागतो," ते म्हणतात, "मग बाकीचे झेंडे परके होतात." सिडनीतल्या केलीव्हिलला मुलीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या घरी त्यांची खोली आहे, तिच्या चारही भिंती झेंड्यांनी भरलेल्या. कसर लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात लवंगांच्या पुरचुंड्या, त्यामुळे खुद्द व्याह्यांनाही मसालेभाताचा वास येतो. श्वासाची वाफ फेल्टला लागू नये म्हणून पाहुण्याला तोंडावर रुमाल बांधायला लावूनच आत सोडत. एका बाईंनी ते झेंडे गणपतीच्या पताका समजून दोन दिवसांसाठी मागितले, तर त्या वर्षी हे त्यांच्याकडे आरतीला गेले नाहीत. पुढे करोना आला, सगळी सिडनी मास्क लावू लागली, तेव्हा म्हणाले, "उशिरा का होईना, लोकांना कळलं."

मी पुण्याहून त्याच घरी, मुलाकडे, तीन महिन्यांसाठी गेलो होतो. विमानं बंद झाली आणि दीड वर्ष राहिलो. घरात मला एकच काम होतं, बाहेरून येईल ते धुणं. दुधाचे कॅन, कोथिंबीर, चाव्या, एकदा मुलाचं पाकीट. थकून जायचो, पण तेवढाच उपयोग होता माझा. बाहेरचा माणूस म्हणून रोज दुपारी स्कूटरवरून येणारा पोस्टमन काय तो दिसायचा. व्याही त्याच्यासाठी कुंपणावर लिंबाच्या सरबताची बाटली ठेवत. तो लांबूनच "चीअर्स, मेट" म्हणे.

एका दुपारी व्याही झोपले असताना त्यांचं अमेरिकेचं पार्सल आलं. चार महिने ते त्याची वाट पाहत होते. भिंतीवर खिळाही ठोकून ठेवला होता. मी खोका पुसला, आणि हातासरशी आतला झेंडाही साबणाच्या कोमट पाण्यात बुडवला. पाणी शाईसारखं निळं झालं. हातभर झेंडा वाळल्यावर करंजीएवढा उरला, कडेला तशीच मुरड पडलेली. मी तो माझ्या बॅगेत स्वेटरखाली दडवला.

व्याह्यांनी विचारलं, तर काहीच आलं नाही म्हणालो. ट्रॅकिंगवर मात्र पार्सल पोहोचल्याची नोंद होती. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त सरबत ठेवणं थांबवलं. पोस्टमनने दोन-तीन दिवस कुंपणाकडे पाहिलं, मग पाहणं सोडलं. मी ओली कोथिंबीर हातात धरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत राहिलो.

मागच्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, पुण्याहून फोनवर व्याह्यांना सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"पाणी गरम होतं?"

"कोमट."

"तरी आकसतं हो." आणि पुढे म्हणाले, "अहो, तो पोस्टमन बदलला. आता व्हॅनमधून एक मुलगी येते. त्याचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं."

मग म्हणाले, झेंडा पाठवून द्या, खिळा अजून रिकामा आहे.

आज तो मलमलीत गुंडाळला, चार लवंगा घातल्या. घरात मी एकटाच होतो, तरी आधी तोंडावर रुमाल बांधला.