न घेतलेली सही

गावात माझी बरीच टिंगल होते. फवारणीचा पंप कुणाला उसना दिला तरी मी वहीत लिहून सही घेतो. "फौजी घरात चहाचीबी पोच घेत असंल," असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात. म्हणू देत. मी एकदा सही घेतली नव्हती, आणि त्यात एका माणसाचा उजवा हात गेला.

फौजेत मी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये हवालदार होतो. कोणती गाडी कोणी सांभाळायची, कोणता बिघाड कोणी काढायचा, हे वाटून देणं माझं काम. रजिस्टरला तीन रकाने होते: यंत्र, दोष, सही. ज्याची सही, त्याची जबाबदारी. सुट्टीवर निघणाऱ्यानं आपल्या नावावरचं यंत्र दुसऱ्याला सोपवायचं, दोष वाचून दाखवायचा, सही घ्यायची आणि मगच पिशवी उचलायची. नव्यांना हे मी दरडावून शिकवत असे.

माझ्या स्वतःच्या नावावर रिकव्हरीची गाडी होती. चिखलात फसलेली वाहनं ती तारेच्या जाड दोरानं ओढून काढायची. त्या दोराच्या तीन-चार तारा तुटून काट्यासारख्या वर आल्या होत्या. नवा दोर मागवला होता. तोवर जुन्यावर भार द्यायचा नाही, हे फक्त मला माहीत होतं.

तेवढ्यात बहिणीचं लग्न ठरलं. माझ्या हाताखाली आमच्या शेजारच्या तांड्यावरचा एकजण होता. आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडे, तांडा ओढ्यापलीकडे. आम्ही एकाच माळावर गुरं राखलेली, त्याला भरतीला मीच नेलेलं. गाडी त्याच्यावर सोपवायची होती, पण त्याच्याकडे सही कशी मागायची? आमच्या भागात घरच्या माणसाला "लिहून दे" म्हणणं म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं सांगणं. बैल, विहिरीची मोटार, लेकरं, सगळं आम्ही एका शब्दावर सोपवून जातो.

"सगळं बघशील ना?" मी विचारलं.

"व्हय दादा, तुमी बिनघोर जा. ताईच्या लग्नात माझ्या नावानंबी नाचा."

सगळं म्हणालो. दोराचं म्हणालो नाही. रेल्वे चुकेल अशी घाई होती, असं मी स्वतःला आजही सांगतो. पण दोन शब्दांना कितीसा वेळ लागतो?

हळदीच्या दिवशी भर दुपारी मांडवात फोन वाजला. माझे हात हळदीनं भरलेले, म्हणून बायकोनं तो माझ्या कानाला लावला. ट्रक ओढताना दोर तुटला होता. तुटलेलं टोक उलटं आलं आणि त्याच्या उजव्या हातावर बसलं. हात वाचत नाही, असं पलीकडचा सांगत होता.

त्याची आई माझ्यापासून चार हातांवर बसली होती. तिला मी तांड्यातल्यासारखं याडीच म्हणतो. ती बायकांबरोबर गाणं म्हणत होती. माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली.

"माझ्या लेकाचा फोन हाय का?"

त्या क्षणी जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी म्हणालो, "याडी, त्याच्या हाताला लागलंय. लई लागलंय."

ती उठली आणि तिनं माझे हळदीचे हात घट्ट धरले. "तुमी हायेत ना त्याच्यासंगं. मग मला घोर न्हाई."

अक्षता पडल्या आणि मी वारंगा फाट्यावर आलो. नांदेडची गाडी यायला वेळ होता. हॉटेलच्या बाकावर बसून मी कागदावर लिहिलं: दोष मी सांगितला नव्हता, चूक माझी आहे. कागद खिशात घातला तोच त्याचा दवाखान्यातून फोन आला.

"दादा, मी लिहून दिलं. दादानं दोराचं बजावलं व्हतं, मीच ऐकलं न्हाई, असं."

"काहून असं केलंस?" मी ओरडलोच. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"माझा हात तर गेलाच. आता तुमची नोकरी काहून घालवायची? तुमाला दोन लेकरं हायेत. मला एक याडी. तिला बघा म्हणजे झालं."

चौकशीच्या साहेबानं त्याचा जबाब माझ्यापुढे ठेवला. खाली डाव्या हातानं केलेली सही होती, पहिलीतल्या लेकरानं गिरवल्यासारखी वाकडी. मी जी मागायला लाजलो होतो, ती त्यानं न मागता देऊन टाकली होती.

"तुमने बताया था?" साहेबानं विचारलं.

माझा कागद खिशातच होता. हात तिथवर गेलाही. दोन लेकरं डोळ्यांपुढे आली, आणि मी म्हणालो, "जी साब."

त्याच्या कागदांवर हलगर्जीचा शेरा पडला आणि तो घरी आला. मी नोकरी पुरी करून, सन्मानानं आलो. आता बाळापूरच्या बाजाराला जाताना वाटेत तांडा लागतो. याडी मला तसं जाऊ देत नाही, खाटेवर बसवते. तो डाव्या हातानं पाण्याचा तांब्या घेऊन येतो. त्याचं थोटं मनगट दिसलं की तिचं दर वेळचं सुरू होतं.

"दादानं सांगितलं व्हतं ना रे तुला? मग काहून ऐकलं न्हाई?"

तो माझ्याकडे बघत नाही. मान खाली घालून म्हणतो, "व्हय याडी, सांगितलं व्हतं."

आणि मी पाणी पितो.